तेलाचा बुधला आणि दोन मुलगे

शास्त्रपाठ : २ राजे ४:१-७



अलीशा संदेष्ट्याने विधवेच्या घरचे तेल वाढविले, हा प्रसंग आपण रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्यावर उपदेश होतो तो बहुधा विश्वासावर आणि चमत्कारावर. आपली दृष्टी त्या मातेवर व संदेष्ट्यावर खिळलेली असते. त्याच घरात आणखी दोघे जण होते, ते तिचे मुलगे. आज त्यांच्याकडे पाहावे असे मनात आहे. आपल्या घरोघरची मुले-मुली महाविद्यालयीन शिक्षणासाठी पुण्या-नागपूरला, कोणी हैदराबाद, बंगळूर, इंदूर अशा दूरच्या शहरी जाऊन राहतात. पहिल्यांदाच त्यांच्या हाती स्वतःचा म्हणून पैसा येतो. तो कसा राखावा, हे आपण त्यांना क्वचितच शिकवतो. उपासनेत तर जवळजवळ कधीच नाही.

ही स्त्री संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकाची पत्नी होती. आपला पती परमेश्वराचे भय धरणारा होता, हे ती अलीशाला आठवून देते. तो उधळ्या नव्हता, व्यसनी नव्हता, तरी मागे कर्ज ठेवून गेला. यहूदी इतिहासकार योसेफस सांगतो की हा पुरुष म्हणजे अहाब राजाचा कारभारी ओबद्या होय. ईजबेलीच्या तावडीतून शंभर संदेष्टे गुहांत लपवून त्यांना पोसण्यासाठी त्याने कर्ज काढले होते. शास्त्रात हे नाव दिलेले नाही, म्हणून मी त्याचा आग्रह धरीत नाही. परंतु ही परंपरा एक सत्य उजेडात आणते. कर्ज चांगल्या कामासाठी काढले म्हणून सावकार ते सोडून देत नाही. लेवीय २५ मध्ये कर्जापायी विकल्या गेलेल्या इस्राएली भावाविषयीचे नियम आहेत, आणि नहेम्याच्या पाचव्या अध्यायात तर आपली मुले-मुली दास्यात द्यावी लागल्याचा आईबापांचा आक्रोश आहे. विधवेच्या दाराशी सावकार आला तो याच रीतीने, दोन मुलगे नेण्यासाठी.

त्या काळी बापाच्या कर्जापायी मुलगे बांधले जात. आज पुष्कळ घरांत मुलाच्या शिक्षणापायी बाप बांधला जातो. शैक्षणिक कर्जाच्या कागदावर विद्यार्थ्याबरोबर आईची वा वडिलांची सही सहकर्जदार म्हणून घेतली जाते. अशा कर्जात पाप नाही. गरिबाच्या मुलाला त्याच वाटेने पुढे जाता आले आहे. मात्र घेणाऱ्याने त्याचा हिशेब ओळखून घ्यावा. अभ्यासक्रम संपून सुमारे वर्षभर हप्ता सुरू होत नाही, म्हणून मुलांना वाटते की तोवर कर्ज निजले आहे. ते निजलेले नसते. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी १ लाख रुपये उचलले आणि व्याजाचा दर १० टक्के सरळ धरला. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन आणि चौथ्यावर दोन वर्षांचे व्याज चढते. पहिला हप्ता भरण्यापूर्वीच ४ लाखांचे ५ लाख ४० हजार झालेले असतात. पहिल्या वर्षाचे व्याज महिन्याला सुमारे ८३३ रुपये पडते. तेवढे जरी शिकता शिकता भरता आले, तरी पुढचा भार हलका होतो. हे गणित दहावीच्या मुलालाही येते. कोणी त्याच्यापुढे मांडीत नाही एवढेच.

आता अलीशाचा पहिला प्रश्न पाहा. तुझ्या घरात काय आहे, असे तो विचारतो. ती प्रथम म्हणते, काही नाही. आणि मग तिला तेलाचा बुधला आठवतो. आपल्याही मुलांना महिनाअखेर विचारा, पैसे कशात गेले? उत्तर येते, कशात नाही, नुसते चहापाणी. लिहून ठेवल्यावाचून ‘काही नाही’च्या पोटात काय दडले आहे ते कळत नाही. रोजचे २० रुपये चहा-वड्यावर गेले, तर महिन्याच्या २५ दिवसांचे ५०० होतात आणि वर्षाचे ६,०००. चहा पिऊ नये असे मी म्हणत नाही. तो ६,००० रुपयांचा चहा आहे हे पिणाऱ्याला ठाऊक असावे. पूर्वी नोट हातातून जाताना हाताला कळत असे. २०१६ साली यूपीआय आले, तेव्हापासून पैसा बोटाच्या एका स्पर्शाने जातो आणि हाताला काहीच कळत नाही. म्हणून वहीची गरज आज पूर्वीहून अधिक आहे. दहा रुपयांची वही आणि रात्री निजताना पाच मिनिटे एवढेच त्याला लागते.

शेजाऱ्यांकडून भांडी माग, असे संदेष्टा सांगतो. ती रिकामी असावीत आणि थोडकी नसावीत. हे मला फार बोधप्रद वाटते. त्याने तिला तेल उसने आणायला सांगितले नाही. जी वस्तू वापरून जशीच्या तशी परत करता येते, तीच मागायला सांगितली. विद्यार्थ्यालाही अशी भांडी मागता येतात. वरच्या वर्गातल्याची पुस्तके, ग्रंथालयाचे कार्ड, कोणाची पडून असलेली सायकल, एखाद्या अनुभवी शिक्षकाचा सल्ला ही सारी रिकामी भांडीच होत. शिष्यवृत्तीचा अर्जही त्यांतच येतो. उत्पन्नाचा दाखला वेळेवर न काढल्यामुळे हक्काची शिष्यवृत्ती गमावलेली मुले मी आमच्याच मंडळीत पाहिली आहेत. तेल तयार होते, भांडे पुढे आले नाही. सुटीच्या दिवसांत शिकवण्या घेणे, दुकानात चार तास उभे राहणे, याची लाज कशाला वाटावी? ती दोन मुले भांडी वाहात होती आणि आई ओतीत होती, असे शास्त्र सांगते. सावकार ज्यांना न्यायला आला, त्यांच्याच हातांना देवाने काम दिले.

शेजाऱ्यांनी भांडी दिली, हेही विसरू नये. ती त्यांनी नाकारली असती तर? आपल्या मंडळ्यांत इमारतीसाठी निधी असतो, सणाच्या जेवणासाठी असतो. प्रवेशाच्या दिवसांत एखाद्या मुलाला बिनव्याजी उसने देता येईल असा छोटासा निधी किती ठिकाणी आहे, हे वाचकांनी आपापल्या पंचकमिटीला विचारावे.

मग दार लावून घ्यायला सांगितले. घरात काय चालले आहे ते गल्लीने पाहायचे नव्हते. आजच्या विद्यार्थ्याचे दार मात्र सताड उघडे असते. खोलीतल्या मित्राचा फोन, त्याचे बूट, त्याने वाढदिवसाला दिलेली मेजवानी हे सारे आपल्याही पदरी असावे म्हणून हप्ते सुरू होतात. आज घ्या आणि नंतर फेडा, अशी हाक प्रत्येक पडद्यावर येते. क्रेडिट कार्डाची बाकी थकली की महिन्याला ३ ते ३.५ टक्के व्याज लागते. ऐकायला ते थोडके वाटते, पण वर्षाला ते ४० टक्क्यांच्या आसपास जाते. ‘किमान देय रक्कम’ तेवढी भरली की आपण सुटलो, असा समज मी शिकल्यासवरलेल्यांतही पाहतो. उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी तर अनेक घरे पोखरली. २०२५ साली संसदेला त्यांच्याविरुद्ध कायदाच करावा लागला. आणि याहून भयंकर सापळा आहे. कोणी ओळखीचा येतो आणि म्हणतो, तुझे बँकेचे खाते व कार्ड काही दिवस वापरायला दे, पाच-दहा हजार देतो. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो, आणि पोलीस ज्याचे खाते त्याच्या दारी येतात. बापूहो, आपले नाव भाड्याने देऊ नका.

ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या काही तरुणांविषयी जॉन वेस्लीने आपल्या उतारवयातील एका उपदेशात सांगितले आहे. त्यांपैकी एकाला वर्षाला ३० पौंड मिळत. तो २८ पौंडांत राही आणि २ देऊन टाकी. पुढच्या वर्षी ६० मिळाले, तरी तो २८ मध्येच राहिला आणि ३२ दिले. पुढे ९० झाले, १२० झाले; राहणीचा खर्च २८ वरून हलला नाही. हा तरुण स्वतः वेस्लीच होता, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. या शिस्तीमागे आणखी एक गोष्ट असावी असे मला वाटते. १७०५ साली, जॉन दोन वर्षांचा असताना, त्याचे वडील सॅम्युएल कर्जापायी लिंकनच्या तुरुंगात गेले होते. तेही परमेश्वराचे भय धरणारे पाळक होते.

काटकसर म्हणजे कंजुषी, असे कोणी समजू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. पोटाला चिमटा घेऊन राहिले आणि ग्रंथांवर मात्र सढळ हाताने खर्च केला. कोठे हात आखडायचा आणि कोठे सोडायचा, हे ज्याला कळले त्यालाच काटकसर कळली.

तेल थांबल्यावर ती स्त्री पुन्हा संदेष्ट्याकडे गेली. भरलेली भांडी समोर असता तिने स्वतःच्या मनाने काही केले नाही. त्याने सांगितलेला क्रम नीट ध्यानात घ्यावा. तेल विकायचे, मग कर्ज फेडायचे, आणि जे उरेल त्यावर आई-मुलांनी निर्वाह करायचा. आपण उलट चालतो. आधी निर्वाह करतो आणि उरल्यास देणे फेडतो. घरून पैसे आले की पहिल्याच दिवशी मेसचे व खोलीचे देणे चुकते करावे. मग १०० रुपये का होईनात, बाजूला टाकावेत. टपाल कार्यालयात आवर्त ठेव महिना १०० रुपयांपासून उघडता येते. त्यानंतर जे हाती राहील ती महिन्याची मर्यादा. प्रभूने पाच हजारांना जेवू घातल्यावर उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले (योहान ६:१२). ज्याच्या हाती भाकरी वाढत होत्या, त्यालाही तुकडे वाया जाऊ द्यायचे नव्हते.

येथे एक बोलल्यावाचून राहवत नाही. अमुक रक्कम अर्पण करा, देव शंभरपट देईल, तुमचे कर्ज उडेल, असे सांगणारे उपदेशक हल्ली मोठ्या सभा भरवितात आणि विद्यार्थी फीचे पैसे त्या पेटीत टाकतात. अलीशाने त्या तेलातून स्वतःसाठी एक थेंबही मागितला नाही. विद्यार्थ्याने दान अवश्य द्यावे, पण ते आपल्या चैनीतून कापून द्यावे. बापाने फीसाठी पाठविलेला पैसा आपला नव्हे. तो देवाला देण्याचाही आपल्याला अधिकार नाही.

या साऱ्या कथेत मुलाच्या तोंडी एकच वाक्य आहे. आईने आणखी एक भांडे मागितले, तेव्हा आता भांडे उरले नाही, असे त्याने सांगितले. जे होते ते त्याने आईला खरे सांगितले. हे वाक्य वाचताना मला दरवेळी खाली पाहावे लागते. मी महाविद्यालयात असताना माझे वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते. दरमहा मनीऑर्डर येई आणि कुपनावर दोन ओळी असत. मी पुस्तकांसाठी म्हणून जादा पैसे मागवी, आणि ते सिनेमा व हॉटेलात जात. मेसची बाकी चढली तेव्हा परीक्षा फीचे कारण लिहिले. पैसे आले. कुपनावर लिहिले होते, अभ्यास कर, प्रकृतीस जप. वडील गेल्यावर त्यांच्या हिशेबाच्या वह्या माझ्या हाती आल्या. त्या महिन्याच्या पानावर शिक्षकांच्या पतपेढीचे कर्ज नोंदलेले होते, आणि पुढे छत्तीस महिने हप्ता. प्रत्येक पानावर पहिली ओळ माझ्या मनीऑर्डरची आणि दुसरी मंडळीच्या वर्गणीची. शेवटचा हप्ता फिटला, त्या महिन्यात मला नोकरी लागून वर्ष उलटले होते. मला ते कर्ज ठाऊक नव्हते.

त्यांनी मला सांगितले नाही, याचेही मला आज वाईट वाटते. विधवेने आपल्या मुलांपासून संकट लपविले नव्हते. लपविले असते तर ती दारोदार भांडी आणायला गेली नसती. आईबापांनो, मुलाला ओझे वाटू नये म्हणून तुम्ही गप्प राहता, आणि तो ते ओझे न जाणता वाढवीत जातो. मुले सुटीत घरी आली की एका संध्याकाळी जेवण आटोपल्यावर दार लावून घ्या. पासबुक, कर्जाचा कागद आणि मुलाची खर्चाची वही मध्ये ठेवा. हा शास्त्रपाठ वाचा, प्रार्थना करा, आणि मग सर्वांनी मिळून बेरीज करा. पहिल्या दिवशी ती जुळणार नाही. वही बंद करू नका. पुढच्या सुटीत पुन्हा बसा.