आम्ही, ते आणि आपण

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला तुलनेचा मोह आवरत नाही आणि घरी राहिलेल्या माणसाला ती तुलना ऐकून घेणे जड जाते. वसईला हा अनुभव नवा नाही. बोटीवर गेलेली, आखातात नोकरी केलेली एक पिढी आपल्या गावांतून होऊन गेली. अलीकडे जी मुले-मुली बाहेर पडत आहेत, त्यांचे जाणे मात्र थोडे निराळे आहे. ती आधी परक्या देशाची भाषा शिकतात, काही महिने त्या भाषेतच उठतात-बसतात आणि मग शिक्षणाला किंवा कामाला लागतात. 2024 साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्यासंबंधी करार केला आणि जर्मन भाषा शिकण्याचा विषय अनेक घरांत निघू लागला. ए-1 पासून सी-2 पर्यंत भाषेच्या सहा पायऱ्या असतात आणि परिचारिकेला साधारणतः बी-2 ही चौथी पायरी गाठावी लागते, हे आता पुष्कळ आईवडिलांना पाठ झाले आहे.

या मुलांचे फोन येतात तेव्हा त्यांत दोन सूर ऐकू येतात. पहिला सूर कौतुकाचा. तिथे फलाटावर शिरताना कोणी अडवत नाही, तरी लोक तिकीट काढतात. पाण्याची रिकामी बाटली दुकानात परत दिली की पैसे मिळतात. रविवारी दुकाने बंद असतात आणि कोणाचे काही अडत नाही. स्वतःचा संडास स्वतः धुण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. दुसरा सूर खिन्नतेचा. तिथे शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. ताप आला तर पेज करून आणणारे कोणी नाही. म्हातारी माणसे एकेकटी खिडकीत बसलेली दिसतात. पहिला सूर ऐकून घरची वडीलधारी माणसे दुखावतात, दुसरा ऐकून सुखावतात. ‘शेवटी आपले ते आपले’ असे म्हणून फोन ठेवला जातो.

या नित्याच्या प्रसंगामागे एक गंभीर प्रश्न दडलेला आहे असे आम्हाला वाटते. आपल्या माणसांची आणि परक्या माणसांची तुलना करण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे? आणि असल्यास, न्याय्य तुलना कशाला म्हणावे?

तुलना म्हणजे तराजू. तराजूत घालावयाच्या दोन्ही वस्तू एकाच जातीच्या असाव्या लागतात. आपण मात्र बहुधा तिथली व्यवस्था एका पारड्यात घालतो आणि इथला स्वभाव दुसऱ्या पारड्यात. बाटलीचेच उदाहरण घ्या. जर्मनीत 2003 सालापासून एकदाच वापरायच्या बाटल्यांवर अनामत रक्कम घेतली जाते, आज ती 25 सेंट आहे. बाटली परत येते, कारण तिच्यात मालकाचे पैसे अडकलेले असतात. आपल्याकडे काचेच्या बाटल्या, वर्तमानपत्रे, डबे यांना जोवर भंगारवाल्याकडे मोल होते, तोवर त्या वस्तू आपणही कधी रस्त्यावर फेकल्या नाहीत. तिकिटाचीही तीच गोष्ट. फलाटावर अडथळा नसला तरी गाडीत तपासनीस असतो आणि विनातिकीट प्रवास 60 युरोंना पडतो. उलटपक्षी विरारच्या गाडीत दाराशी लोंबकळत जाणारा, आत तपासनीस शिरूच शकणार नाही हे पक्के ठाऊक असलेला प्रवासीसुद्धा महिन्याचा पास खिशात बाळगतो. मग यांत अधिक प्रामाणिक कोण?

याचा अर्थ सगळे सारखेच आहे असा नव्हे. चांगली व्यवस्था माणसाला चांगले वागणे सोपे करून देते आणि अशी व्यवस्था उभारणे हेही एक नैतिक कर्तृत्व आहे. ते तिथल्या लोकांनी केले, त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु त्यातून ‘आपली माणसेच तसली’ असा निष्कर्ष काढणे हा आळस होय. आपल्या वसईत बावखले होती. पावसाचे पाणी साठवावे, विहिरींचे झरे जिवंत राहावेत, बागांना पाणी मिळावे, यासाठी पूर्वजांनी राखलेली ती व्यवस्थाच होती. त्यांतली कित्येक आपल्या डोळ्यांदेखत बुजवली गेली. जुलै 2018 मध्ये वसई दिवसचे दिवस पाण्यात राहिली, तेव्हा पाण्याने जायचे कुठे, हा प्रश्न आपल्याला पडला. परदेशातील स्वच्छ गटार पाहून आलेल्या मुलाने ‘आपल्याला हे कधी जमलेच नाही’ असे म्हटले तर ते खरे नाही. आपल्याला जमले होते आणि आपण ते मोडू दिले. पहिल्या वाक्यातून न्यूनगंड उपजतो, दुसऱ्यातून जबाबदारी.

रविवारची गोष्ट आपल्याला अधिक अंतर्मुख करणारी आहे. 1919 च्या जर्मन राज्यघटनेत रविवार हा विश्रांतीचा आणि आत्मिक उन्नतीचा दिवस म्हणून संरक्षित केला गेला आणि 1949 च्या घटनेने ते कलम जसेच्या तसे स्वीकारले. तिथे चर्चमध्ये जाणाऱ्यांची संख्या दशकानुदशके घटत आली आहे, पण रविवारची शांतता कायद्याने टिकली आहे. आपल्याकडे रविवारच्या मिस्साला जागा पुरत नाही, परंतु मिस्सा आटोपताच दिवस लग्नकार्ये, खरेदी, शिकवण्या आणि बांधकामाच्या देखरेखीत निघून जातो. तिथे दिवस उरला आणि भक्ती ओसरली, इथे भक्ती उरली आणि दिवस हरवला. या दोहोंत कोण श्रेष्ठ, हे ठरवण्याची घाई करू नये. दोघांनी एकमेकांकडे पाहावे आणि आपले काय निसटले ते ओळखावे, एवढाच या तुलनेचा उपयोग.

भाषेसाठी केलेला मुक्काम आणि पर्यटकाचा फेरफटका यांत मोठे अंतर आहे ते इथेच. पर्यटक पाहुणा असतो, भाषेचा विद्यार्थी मूल होतो. बावीस वर्षांची पदवीधर मुलगी, जी गावच्या सभेत निर्भयपणे बोलते, तिला तिथे पाव विकत घेताना शब्द सापडत नाहीत. चूक झाली की दुकानातला माणूस हसतो किंवा समजूतदारपणे वाक्य दुरुस्त करून देतो. या लहान होण्यात जी नम्रता अंगी येते, तीच तुलनेचा अधिकार देते असे आमचे मत आहे. ज्याने परक्यांच्या शब्दांत दुःख आणि विनोद ऐकलेला नाही, त्याने त्यांच्या स्वभावाविषयी निकाल देऊ नये.

आपल्या भूमीला याचा फार जुना दाखला आहे. 1557 च्या सुमारास वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया कोवळ्या वयात जपानला गेले आणि तिथली भाषा अशी आत्मसात केली की 1593 साली फ्रान्सिस्कन धर्मबंधू हिदेयोशीच्या दरबारी गेले तेव्हा दुभाषी म्हणून हे वसईकरच पुढे होते. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे त्यांनी इतर पंचवीस जणांसह मरण पत्करले. ज्या लोकांची भाषा ते बोलत होते, त्या लोकांमध्येच ते शेवटपर्यंत राहिले. उलट दिशेचाही दाखला आहे. 1579 साली गोव्यात उतरलेले इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1583 च्या एका पत्रात आपल्या भावाला कळवले की या प्रदेशातील भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती आहे. सत्ताधाऱ्यांच्या गोटातून आलेला माणूस इथल्या बोलीला युरोपच्या पूज्य भाषांच्या पंक्तीला बसवतो, ही तुलना त्या काळी धैर्याची होती. 1616 मध्ये छापल्या गेलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या सुमारे अकरा हजार ओव्या हे त्या तुलनेचे फळ होय. आणि 1883 मध्ये इंग्लंडला व 1886 मध्ये अमेरिकेला गेलेल्या पंडिता रमाबाईंनी 1889 साली मराठीत अमेरिकेच्या लोकस्थितीवर ग्रंथ लिहिला, तेव्हा तिथल्या स्त्रीशिक्षणाचे मनःपूत कौतुक करताना कृष्णवर्णीयांना मिळणारी वागणूक त्यांनी झाकून ठेवली नाही. कौतुक आणि परखडपणा एकाच लेखणीत नांदू शकतात.

आता सर्वांत नाजूक विषयाकडे वळू. ‘तिकडे म्हाताऱ्या आईबापांना आश्रमात टाकतात’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. जर्मनीत आज दर पाच माणसांमागे एकाहून अधिक जण पासष्टी ओलांडलेले आहेत. वृद्धांची शुश्रूषा हे संपूर्ण समाजाचे ओझे आहे असे मानून तिथे 1995 पासून शुश्रूषेचा सक्तीचा विमा लागू झाला, ज्याची वर्गणी कमावता माणूस आयुष्यभर भरतो. 2020 पासून तर वर्षाला एक लाख युरोंहून अधिक मिळकत असलेल्या अपत्यांनाच आईवडिलांच्या शुश्रूषेचा खर्च मागितला जातो. त्यांनी कर्तव्य टाकून दिले असे म्हणता येत नाही. कुटुंबाचे कर्तव्य त्यांनी समाजात वाटून घेतले. त्या वाटणीत पैसा आला, औषध आले, मऊ बिछाना आला. सहवास मात्र पुरेसा आला नाही. आणि आपल्याकडे? 2007 साली आईवडिलांच्या निर्वाहासाठी संसदेला कायदा करावा लागला. ज्या समाजात सर्वच मुले आईबापांना सांभाळतात, तिथे असा कायदा कशाला लागावा?

याहून बोचरी गोष्ट पुढेच आहे. त्या खिडकीत बसलेल्या वृद्धेला आंघोळ घालायला, तिचा हात धरून चार पावले चालवायला तिथे माणसे कमी पडतात, म्हणूनच आपल्या मुलींना बोलावणे येते. आपली मुलगी बी-2 पर्यंतची भाषा शिकते ती त्या आजीचे दुखणे तिच्याच शब्दांत समजावे म्हणून. हे काम उदात्त आहे, यात शंका नाही. परंतु त्याच वेळी वसईतल्या तिच्या घरी काय असते? परदेशच्या पैशांतून बांधलेला टुमदार बंगला, अंगणात सोनचाफा आणि आत दोन म्हातारी माणसे. संध्याकाळी फोन वाजला की त्यांचा दिवस उगवतो. म्हणजे ज्या एकटेपणाचा दोष आपण त्यांच्या पदरात घालत होतो, तो तिथे कमी करता करता आपण इथे निर्माण करीत आहोत. अशा वेळी ‘ते’ निष्ठुर आणि ‘आम्ही’ मायाळू ही विभागणी टिकत नाही.

मग मुलींनी जाऊच नये काय? असे आम्ही म्हणणार नाही. घरची गरज, शिक्षणाची हौस, स्वतःच्या पायावर उभे राहण्याची इच्छा या गोष्टी क्षुद्र नव्हेत आणि आईबापांच्या सोबतीचा सारा भार मुलींच्याच खांद्यावर टाकणे हाही अन्याय होईल. परंतु जाण्याचा निर्णय एका घराचा असला तरी मागे राहिलेल्यांची जबाबदारी एका घराची नसावी. जर्मन समाजाने शुश्रूषेचा पैसा वाटून घेतला, आपल्याला सहवास वाटून घेता येईल. तेवढी शेजारधर्माची पुंजी आपल्या गावांत अजून शिल्लक आहे.

मराठी भाषेने आपल्याला एक दुर्मीळ देणगी दिली आहे. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आपल्याजवळ आहेत. ‘आम्ही’ म्हणताना समोरचा माणूस बाहेर राहतो, ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. इंग्रजीत किंवा जर्मनीत हा भेद एका शब्दाने दाखवता येत नाही. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याची तुलना ‘आम्ही’ आणि ‘ते’ यांनी सुरू होते, त्यात काही गैर नाही. ती ‘आपण’पर्यंत पोहोचली की नाही, यावरून तिचे मोल ठरवावे.

याची परीक्षा परदेशात नव्हे, घरी होते. जव्हार-मोखाड्याहून कामाला आलेला आदिवासी मजूर किंवा उत्तर प्रदेशातून आलेला सुतार अडखळत मराठी बोलतो, तेव्हा आपण त्याला हसतो की त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबतो? आपल्या सामवेदी बोलीवरून शाळेत हिणवली गेलेली माणसे आपल्यात आहेत, त्यांना हा घाव ठाऊक आहे. परक्या शहरात पाव मागताना ज्याची जीभ अडखळली आणि ज्याला कोणीतरी धीराने समजून घेतले, त्याने ते ऋण इथे फेडावे.

आणि मागे राहिलेल्यांनीही काही करावे. मुलाने तिथले चांगले सांगितले तर तो आपला अपमान समजू नये आणि वाईट सांगितले तर त्यात समाधान मानू नये. त्याला विचारावे: तुझ्या शेजारच्या आजीचे नाव काय? ती काय सांगते? प्रत्येक धर्मग्रामाने, ज्यांची मुले दूर देशी आहेत अशा वृद्धांची एक यादी करावी आणि आठवड्यातून एकदा त्यांच्या दारी कोणीतरी जाईल असे पाहावे. जर्मन शिकण्याच्या वर्गात बसलेल्या तरुणांनी ही पाळी आधी घ्यावी. परक्या आजीची भाषा शिकण्यापूर्वी गावच्या आजीजवळ घटकाभर बसणे, हीही त्या अभ्यासाचीच एक पायरी आहे.