पहिले पाऊल कोणाचे?

तरुण अधिकारी आपल्या जवानांना कोणत्या अधिकाराने मृत्यूच्या तोंडी धाडतो? हुकूम मोडला तर शिक्षा होते हे खरे. पण बर्फाच्या कड्यावर समोरून गोळ्या येत असताना केवळ शिक्षेच्या भीतीने कोणी पुढे सरकत नाही. हा प्रश्न मला कॅप्टन हनीफुद्दीन यांच्यामुळे पडला.

१९९९ च्या कारगिल युद्धातील टायगर हिल, तोलोलिंग ही नावे मुलांच्याही तोंडी असतात. तुर्तुकची आघाडी मात्र फारशी कोणाला ठाऊक नाही. तुर्तुक हे श्योक नदीकाठचे बाल्टी मुसलमानांचे गाव, १९७१ च्या युद्धात भारताकडे आलेले. त्या भागात सुमारे १८ हजार फुटांवर, शत्रूवर नजर ठेवता येईल अशी जागा ताब्यात घ्यायची होती. ११ राजपुताना रायफल्समधले हनीफुद्दीन आपणहून पुढे झाले. पंचविशीतला दिल्लीचा तरुण, नोकरी जेमतेम दोन वर्षांची, बरोबर मोजकी माणसे. ६ जून रोजी शत्रूने त्यांना हेरले. जखमी होऊनही ते गोळ्या संपेपर्यंत लढत राहिले, शत्रूचा मारा स्वतःकडे ओढून घेत, साथीदारांना आडोसा मिळावा म्हणून. वीरचक्र मिळाले, ते मरणोत्तर. त्या भागाला सैन्याने त्यांचेच नाव दिले.

कोणी म्हणेल, हा हिशेब चुकीचा आहे; प्रमुख पडला तर तुकडी पोरकी होते. सेनापतीच्या बाबतीत ते मला पटते. त्याने खंदकात उडी घेणे हा उतावळेपणाच. पण पाच-सहा माणसांच्या प्रमुखाचे तसे नसते. जवान त्याचा चेहरा पाहत असतात. जो धोका तो स्वतः उचलणार नाही, तो उचलायला सांगण्याचा हक्क त्याला कागदावर असेल, त्यांच्या मनात नसतो.

त्यांची आई हेमा अझीझ शास्त्रीय गायिका. वडील मुलांच्या लहानपणीच वारले होते. हनीफुद्दीन यांचा देह महिन्याहून अधिक काळ बर्फातच राहिला. शत्रूच्या माऱ्यामुळे तो आणता येत नाही, असे लष्करप्रमुख जनरल मलिक यांनी सांगितले, तेव्हा त्या माऊलीने उत्तर दिले की, माझ्या मुलाच्या देहासाठी दुसऱ्या कोणाचा मुलगा गमवायचा नाही. मला हे मुलाच्या लढण्याहूनही अवघड वाटते. रणांगणावर विचाराला क्षणभराचाही अवकाश नसतो, आईपुढे तर एकेक रात्र होती.

आपल्या जलशांत आणि शाळांत ब्रिगेडियर उस्मान, अब्दुल हमीद, हनीफुद्दीन ही नावे एका दमात घेतली जातात, जणू आपण कुठल्या खिडकीवर वफादारीचा दाखला सादर करतो आहोत. मागणारा मागतो म्हणून आपणही देतो. मला ते खटकते. बहुतांशी जाट आणि राजपूत जवानांच्या त्या पलटणीत हनीफुद्दीन कोणाला काही सिद्ध करून दाखवायला पुढे झाले नव्हते. सोबतची माणसे त्यांची होती, एवढेच.

आठवीच्या वर्गात ही हकीकत सांगताना मी विचारतो, तुम्ही प्रमुख असता तर पुढे कोणाला पाठवले असते? बहुतेक मुले 'मी स्वतः' म्हणतात, शिक्षकाला काय हवे ते त्यांना कळते. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, ज्याचा नेम सगळ्यात चांगला त्याला." त्यावर वर्गात बराच वेळ वाद झाला, आणि तास संपला तरी मिटला नाही.