झोंप न येणाऱ्या रात्री

शास्त्रपाठ : स्तोत्र ७७, मार्क ४ : ३५–४१

आषाढाची झड लागली म्हणजे आमच्या पालीस व सुधागड तालुक्याच्या वाड्यापाड्यांवर पुष्कळ घरांत दिवा मालवतो, परंतु डोळा मिटत नाहीं. आंबा नदीचें पाणी किती चढलें याचा कानोसा घेत माणसें पडून राहातात. हें भय निष्कारण आहे असें कोण म्हणेल? २४ जुलै १९८९ रोजीं याच नदीच्या महापुरानें जांभूळपाड्यावर घाला घातला. शेजारच्या खालापूर तालुक्यांत १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला, तेव्हां कितीएक कुटुंबें घरांत निजलीं होतीं. तिकडे किल्लारीच्या बाजूस ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास धरणी हालली, आणि त्यानंतर कित्येक रात्री लोक घराच्या छपराखालीं निजावयास धजले नाहींत. असें ज्यांनीं पाहिलें वा ऐकलें त्यांस झोंप हा विसावा न वाटतां पहारा सोडून जाणें वाटूं लागतें.

परंतु पाऊस जातो, नदी उतरते, आणि तरीही झोंप परत येत नाहीं. येथें दुःखाचें रूप पालटतें. आतां पुराचें भय राहात नाहीं, तर झोंपेचेंच भय राहातें. दिवेलागण झाली कीं मन विचारूं लागतें, आज तरी डोळा लागेल ना? न लागला तर उद्यां लावणी कशी होईल, मजुरीस कसें जावें? या विचारानें छाती धडधडते, अंग ताठ होतें, व येऊं घातलेली झोंप उंबरठ्यावरून माघारी फिरते. पेरलेलें बीं रुजलें कीं नाहीं हें पाहण्यास जो रोज माती उकरतो त्याचें पीक कसें यावें? प्रभूनें डोंगरावर सांगितलें, कीं चिंता करून कोणास आपल्या आयुष्याची दोरी वाढवितां येत नाहीं. त्याचप्रमाणें चिंता करून कोणास घटकाभर झोंपही आणितां येत नाहीं. व्हिएन्ना येथील वैद्य व्हिक्टर फ्रांकल हे अशा रोग्यांस उलट जागें राहण्याचाच यत्न करावयास सांगत. ऐकून हंसूं येतें, पण त्यांत मर्म आहे. झोंपेचा पाठलाग सुटला म्हणजे तिचें भयही सुटतें.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्हीं विशेषेंकरून लेखणी उचलली ती सांगतों. कित्येक मंडळ्यांत असा बोध ऐकूं येतो, कीं शलमोनाच्या स्तोत्रांत झोंप ही देवाच्या प्रियजनांची देणगी म्हटली आहे. तस्मात् ज्यास झोंप नाहीं त्याच्या विश्वासांत खोट आहे. हा बोध आम्हांस मुळींच मान्य नाहीं. त्या स्तोत्राचा रोख पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत हाय हाय करीत राबणाऱ्यावर आहे, अंथरुणांत तळमळणाऱ्या दुःखितावर नव्हे. आसाफाकडे पाहा. देवानेंच आपल्या पापण्या मिटूं दिल्या नाहींत असें गाऱ्हाणें तो करितो, आणि तें गाऱ्हाणें स्तोत्रसंहितेंत घेतलें गेलें, वगळलें गेलें नाहीं. पौल आपल्या सेवेंतील दुःखें मोजतांना उपासमारीबरोबर जागरणेंही मोजतो. आणि गेथशेमाने बागेंत काय झालें? शिष्य निजले, व पित्याचा प्रिय पुत्र जागा राहिला. झोंप हीच जर प्रीतीची खूण, तर त्या रात्रीं पित्याचा प्रिय कोण होता म्हणावें?

तोच प्रभु दुसऱ्या एका रात्रीं समुद्रांत तुफान चाललें असतां तारवाच्या मागल्या बाजूस स्वस्थ निजला होता. शिष्यांनीं भिऊन त्यास उठविलें. त्यानें प्रथम वारा थांबविला, आणि मग त्यांच्या भयाविषयीं त्यांस विचारिलें. हा क्रम उपदेशकांनीं ध्यानांत धरावा. एलीया रतामाच्या झुडपाखालीं मरण मागत पडला तेव्हांही देवदूतानें त्यास व्याख्यान दिलें नाहीं. निजूं दिलें, भाकर व पाणी दिलें, पुन्हां निजूं दिलें. होरेबावरचें बोलणें पुढें झालें.

म्हणून ज्यास झोंप येत नाहीं त्याच्या घरीं गेल्यावर प्रथम सामान्य गोष्टी विचाराव्या. सायंकाळीं चहा किती होतो? चहांतील कॅफीनचा निम्मा अंश सुमारें पांच तासपर्यंत अंगांत राहातो, हें आमच्या चहाबाज लोकांस ठाऊक नसतें. तंबाखू व मिश्री यांनींही अंग जागें राहातें. दारूनें डोळा लवकर लागतो खरा, परंतु मध्यरात्रीं झोंप मोडते. दुपारीं दोन-दोन तास निजून रात्रीं झोंपेची वाट पाहणें हेंही व्यर्थ. अंथरुणांत मोबाईल घेऊन पडूं नये, आणि किती वाजले हें तर मुळींच पाहूं नये.

आणखी एक उपाय रिचर्ड बूट्झिन या मानसशास्त्रज्ञानें १९७२ सालीं मांडला, तो गरिबासही फुकट आहे. अंदाजें वीस मिनिटें पडून झोंप आली नाहीं तर उठावें, मंद दिव्यापाशीं बसून शांतपणें कांहीं करावें, झोंप डोळ्यांवर आली म्हणजेच परत निजावें; आणि रात्र कशीही गेली तरी सकाळीं ठरल्या वेळींच उठावें. यांतला शेवटला भाग फार कठीण वाटतो, व तोच अधिक गुणकारी आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यसंस्थेनेंही २०१६ सालीं असा सल्ला दिला, कीं जुनाट निद्रानाशास गोळ्यांच्या आधीं संवयी व विचार पालटण्याचा उपचार करावा. त्या बैठकीच्या वेळांत प्रार्थना करावी काय? अवश्य करावी; परंतु झोंप यावी म्हणून घेतलेलें औषध अशी ती करूं नये, नाहीं तर तीही पाठलागच होते. अहश्वेरोश राजाची झोंप उडाली त्या रात्रीं त्यानें बखर वाचविली, आणि त्यांतून एका राष्ट्राचे प्राण वांचले. आपणांपैकीं कोणी त्या वेळीं शेजाऱ्यांचीं नांवें घेऊन त्यांकरितां मागणें करील तर ती घटका वायां जाणार नाहीं.

आठवड्यांतून तीन रात्री व असे तीन महिने गेले, किंवा घोरतांना श्वास अडकूं लागला, किंवा जगणें नकोसें वाटूं लागलें, तर वैद्याकडे जावें. यांत अविश्वास नाहीं. दुसऱ्याच्या गोळ्या मागून खाऊं नयेत. टेली-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालूं आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलतां येतें, व मराठींतही बोलतां येतें. ज्यास आपलें मन पाळकापुढें उघडण्याची लाज वाटते त्यास हा क्रमांक लिहून द्यावा.

राहिलें पुराचें भय. तें नुसत्या बोधानें जात नाहीं, व जाऊंही नये. नदीकांठच्या व डोंगराखालच्या पाड्यांतील मंडळीस आमची विनंती आहे, कीं अतिवृष्टीचा इशारा आल्याबरोबर म्हातारींकोतारीं व मुलें यांस उंचावरील पक्क्या इमारतींत नेऊन ठेवावें. बाकीच्यांनीं पाळ्या लावाव्या. आपलें घर व परक्याचें घर असा भेद यांत करूं नये. इस्राएलाचा राखणारा जागा आहे हें खरें, पण तो पुष्कळदां शेजाऱ्याच्या डोळ्यांनीं जागतो. दहापासून एकपर्यंत दोघांनीं कंदील व शिटी घेऊन पाणी पाहावें, एक वाजतां दुसऱ्या दोघांस हलवून उठवावें, आणि आपण घरीं जाऊन निजावें.