पूर्वजांचा हिशेब

राष्ट्र म्हणजे काय, असें विचारलें असतां आपल्याकडील सुशिक्षित मनुष्य बहुधा भूमि, भाषा आणि पूर्वपरंपरा या तीन गोष्टींकडे बोट दाखवितो. पण ज्या देशांत भूमि कोणाचीच वडिलार्जित नाहीं, आलेल्यांची भाषा एक नव्हती आणि ज्यांचे पूर्वज एकमेकांस कधीं भेटलेहि नव्हते, तेथें राष्ट्र कशाच्या आधारावर उभें राहावयाचें? अमेरिका, कानडा, ऑस्ट्रेलिया या देशांविषयीं हा प्रश्न नेहमीं चर्चिला जातो. परंतु तेथें स्थलांतरितांच्या वादावर मूळ रहिवाशांवरील अन्यायाची मोठी सावली पडलेली असल्यामुळें तो शुद्ध स्वरूपांत हातीं लागत नाहीं. हिंदी महासागरांतील मॉरिशस बेटाची गोष्ट निराळी आहे. १५९८ सालीं डच लोक तेथें उतरले तेव्हां बेटावर मनुष्यवस्तीच नव्हती. मूळचा रहिवासी म्हणावयाचा तो एक डोडो पक्षी, आणि तोहि पुढच्या शंभर वर्षांच्या आंत नामशेष झाला. आज तेथें जो कोणी आहे त्याचें मूळ समुद्रापलीकडेंच आहे.

डचांनीं १७१० मध्यें बेट सोडलें. १७१५ पासून फ्रेंच आले. त्यांनीं मादागास्करमधून आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम आणले, कांहीं हिंदुस्थानांतूनहि आणले. १८१० मध्यें इंग्रजांनीं बेट जिंकलें, पण फ्रेंच मळेवाल्यांच्या जमिनी, त्यांचा धर्म आणि त्यांची भाषा यांस हात लावला नाहीं. १८३५ मध्यें गुलामगिरी उठली. उसाच्या मळ्यांस माणसें तर हवींच होतीं. म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर आणण्यास आरंभ झाला होता, आणि पुढील पाऊणशें वर्षांत सुमारें साडेचार लाख मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. ते कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून गेले. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीकडील मंडळी पुष्कळ होती. त्यांच्याखेरीज गुजराती मुसलमान व चिनी व्यापारी आले. अशा रीतीनें जमलेल्या बारा साडेबारा लाख वस्तीचें हें राष्ट्र १९६८ च्या मार्च महिन्यांत स्वतंत्र झालें.

या राष्ट्रानें आपल्या ऐक्याची जी तोड काढली ती थोडक्यांत अशी: प्रत्येकानें आपापले पूर्वज जपावे आणि सरकारनें सर्वांच्या पूर्वजांस सारखा मान द्यावा. महाशिवरात्र, दिवाळी, ईद, नाताळ, तामिळांची कावडी, तेलगूंचा उगादी आणि चिनी नववर्ष या सर्व दिवशीं तेथें सार्वजनिक सुटी असते. गणेशचतुर्थीसहि असते. शाळांतून हिंदी, उर्दू, तामीळ, तेलगू, चिनी आणि मराठी या ‘पूर्वजांच्या भाषा’ म्हणून शिकविल्या जातात. समुद्रापलीकडे पांचव्या सहाव्या पिढींतलीं मुलें मराठी मुळाक्षरें गिरवितात, हें ऐकून आपला ऊर भरून येतो. यावा, त्यांत वावगें कांहीं नाहीं. मात्र त्या मुलांच्या घरीं बहुधा मराठी बोलली जात नाहीं, क्रिओल बोलली जाते, ही गोष्ट टाळ्या वाजवितांना आपण सोयीस्करपणें विसरतों.

सर्वांस सारखा मान, हें सूत्र उच्चारावयास सोपें आहे. पण मान म्हटला कीं क्रम आला आणि क्रम आला कीं पहिला आणि दुसरा आला. १९९८ च्या अखेरीस मॉरिशसच्या नव्या नोटा निघाल्या. त्यांवर रकमेचा उल्लेख इंग्रजी, तामीळ आणि नागरी या क्रमानें येत असे, तो बदलून नागरी ओळ तामीळच्या वर गेली. तामिळांनीं एवढा क्षोभ केला कीं त्या नोटा मागें घ्याव्या लागल्या. दुरून पाहणाऱ्यास यांत पोरखेळ दिसेल. मला तसें वाटत नाहीं. ज्या देशांत माणसाचें स्थान त्याच्या पूर्वजांवरून ठरतें, तेथें पूर्वजांची एक ओळ खालीं सरकली म्हणजे नातवाचीहि एक पायरी खालीं जाते, आणि हें त्या नातवास कोणी शिकवावें लागत नाहीं.

हाच हिशेब राज्यघटनेंतहि शिरलेला आहे. विधिमंडळांत बासष्ट सभासद निवडून यावयाचे आणि त्यांवर आठपर्यंत जागा पराभूत उमेदवारांतून, ज्या समाजास पुरेसे प्रतिनिधि मिळाले नसतील त्यास, द्यावयाच्या, अशी ही योजना आहे. समाज चार: हिंदू, मुसलमान, चिनी आणि सर्वसाधारण. पैकीं चौथ्याची व्याख्या मोठी विलक्षण आहे. राहणीवरून जो पहिल्या तिहींपैकीं कोणांतच मोडत नाहीं असें दिसतें, तो चौथ्यांतला. म्हणजे मळ्याचा मालक असलेल्या फ्रेंचाचा वंशज आणि त्याच मळ्यावर राबलेल्या गुलामाचा वंशज हे दोघे एका रकान्यांत येतात. दोघेहि इतरांपैकीं नाहींत, एवढेंच त्यांचें नातें!

या योजनेस हसणें सोपें आहे, पण ती भीतींतून जन्मली हें विसरतां कामा नये. १९६७ च्या निवडणुकींत शेंकडा चाळिसांहून अधिक मतें स्वातंत्र्य मागणाऱ्या पक्षांच्या विरुद्ध पडलीं. १९६८ च्या जानेवारींत, स्वातंत्र्य दोन महिन्यांवर आलें असतां, पोर्ट लुईंत मुसलमान व क्रिओल यांच्यांत दंगे होऊन ब्रिटिश सैन्य बोलवावें लागलें. अशा वेळीं प्रत्येकास ‘तुझी गणना होईल’ असें आश्वासन देणाऱ्यांनीं रक्तपात टाळला, आणि त्याचें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. परंतु तात्पुरतें बांधलेलें धरण पुढें नदीचा मार्गच ठरवूं लागतें. १९७२ च्या नंतर शिरगणतींत समाज विचारणें बंद झालें आणि जागांची वांटणी मात्र त्याच जुन्या आकड्यांवरून होत राहिली. निम्मी मंडळी ज्या वेळीं जन्मलीहि नव्हती त्या वेळच्या मोजणीनें आजची तूट भरून काढावयाची! आपला समाज लिहून देण्यास नकार देणाऱ्या कांहीं उमेदवारांचे अर्ज २००५ मध्यें फेटाळले गेले. तें प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपर्यंत गेलें आणि २०१२ मध्यें समितीनें त्यांच्या बाजूनें मत दिलें. २०१४ च्या निवडणुकीपुरती समाज न सांगण्याची मुभा मिळाली. पण २०२४ च्या निवडणुकींतहि या पद्धतीनें कांहीं जागा भरल्या गेल्या.

तथापि मला सर्वांत अधिक बोंचतें तें याहून वेगळें आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत करारबद्ध मजुरांचीं नोंदपुस्तकें जपून ठेविलीं आहेत. मजुराचें नांव, बापाचें नांव, जात, गांव, वय, उंची, अंगावरची खूण आणि पुढील काळांत छायाचित्रहि त्यांत सांपडतें. हें दफ्तर कोणी प्रेमानें लिहिलें नव्हतें. पळालेला मजूर पकडतां यावा म्हणून तें लिहिलें. तरी त्याच्याच आधारानें आजचा पणतू कोंकणांतल्या आपल्या गांवाचा शोध काढीत येऊं शकतो. गुलामाच्या पणतवास असें पुस्तक नाहीं. त्याच्या पूर्वजाचें नांव धन्यानें ठेविलेलें, मूळ म्हणून नुसतें ‘मोझांबिक’ किंवा ‘मादागास्कर’ लिहिलेलें. भाषा एका पिढींत मोडलेली. गुलामगिरी उठली तेव्हां वीस लाख पौंडांहून अधिक भरपाई मिळाली, ती मालकांस. साठ हजारांहून अधिक सुटलेल्यांस कांहीं मिळालें नाहीं. उलट उमेदवारीच्या नांवाखालीं आणखी चार वर्षें राबावें लागलें.

आतां ‘सर्वांच्या पूर्वजांस सारखा मान’ हें सूत्र या माणसापुढें ठेवून पाहा. ज्याचे पूर्वज लुटले गेले त्याला त्या मानाचा कोणता वांटा येतो? इतर मुलें पूर्वजांच्या भाषेच्या तासाला बसत, तेव्हां याला बसावयास तास नव्हता. १९९९ च्या फेब्रुवारींत काया नांवाचा लोकप्रिय क्रिओल गायक पोलिसांच्या कोठडींत मरण पावला आणि बेट कित्येक दिवस पेटलें. एका मृत्यूनें एवढी आग लागते ती त्या एका मृत्यूची नसते. पुढें २००९ मध्यें सत्य व न्याय आयोग नेमला गेला व २०११ मध्यें त्यानें गुलामगिरी आणि करारबद्ध मजुरी या दोहोंच्या परिणामांविषयीं अहवाल दिला.

मग सर्वांनींच आपापले पूर्वज विसरावे काय? एर्नेस्त रेनाँ यानें १८८२ मध्यें पॅरिस येथील व्याख्यानांत राष्ट्राला स्मरणाइतकीच विस्मरणाचीहि गरज असते, असें प्रतिपादन केलें होतें. पण विसरण्याचा उपदेश ज्याच्याजवळ आठवणीवांचून दुसरें कांहींच नव्हतें त्याला करणें निर्दयपणाचें आहे. एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांची मजुरी कापून घेणाऱ्या मळ्यावर कोंकणांतला माणूस माणूस राहिला, तो कंठांतल्या अभंगांमुळें आणि देव्हाऱ्यांतल्या गणपतीमुळें. तो वारसा त्याच्या वंशजांचा आहे, आणि तो सोडा असें सांगण्याचा अधिकार कोणास नाहीं. माझा आक्षेप आठवणीस नसून तिच्या सरकारी मोजदादीस आहे. देव्हारा घरांत असतो तोंवर तो कोणाचें कांहीं घेत नाहीं. तोच जागावांटपाच्या कोष्टकांत गेला म्हणजे ज्याला देव्हाराच उरला नाहीं त्याच्या वांट्याचें कमी होतें.

आणि गंमत अशी कीं या बेटावर सर्वांची मिळून तयार झालेली एक वस्तु आहेच. ती म्हणजे क्रिओल भाषा. गुलाम आणि धनी यांच्या तोंडीं ती घडली, मागून आलेल्या बिहारी, तामीळ, मराठी मजुरांनीं ती उचलली, आणि आज बहुतेक घरांत तीच बोलली जाते. तरी राज्यघटनेनें विधिमंडळाची भाषा इंग्रजी ठरविली, फ्रेंचमध्यें बोलण्याची मुभा दिली, आणि हिचें नांवहि घेतलें नाहीं. घरींदारीं जी भाषा येते तिला भाषा म्हणण्याचीच लोकांस पुष्कळ दिवस लाज वाटत होती. २०१२ मध्यें ती प्राथमिक शाळेंत आली, पण आली ती ऐच्छिक विषय म्हणून, हिंदी, उर्दू, मराठी यांच्याच रांगेंत. सर्वांची म्हणून नव्हे, तर ज्यांस दुसरी पूर्वजांची भाषा नाहीं अशांची पूर्वजांची भाषा म्हणून बहुतेकांनीं तिच्याकडे पाहिलें. त्यामुळें रत्नागिरीकडून गेलेल्या घराण्यांतील आईबापांस पहिल्या इयत्तेंतच निवड करावी लागते: मुलानें पणजोबांची भाषा शिकावी, कीं तें स्वतः ज्या भाषेंत रडतें आणि हंसतें ती लिहावयास शिकावें. आईबापांनीं मराठी निवडली तर मी त्यांस दोष देणार नाहीं. क्रिओल निवडली तर त्यांनीं मराठी बुडविली असेंहि म्हणणार नाहीं. परंतु हे दोन तास एकाच वेळीं ठेवून त्यांच्यांतून एक उचला, असें मुलास सांगणाऱ्या वेळापत्रकाचें समर्थन मला करतां येत नाहीं.