“कुणाला गं?”

“माझ्यावर विश्वास नाही का?” असं कुणी विचारलं की आपण तिथेच निम्मे हरतो. ‘तसं नाही हो’ म्हणत सही करून टाकतो.

मी एका छोट्या संस्थेचे हिशेब पाहायचे. वाचनालय, दोन-चार शिबिरं आणि वर्षाला एक अंक, एवढाच पसारा. खजिनदार काका सत्तरीचे, अत्यंत सज्जन. नेटबँकिंगमध्ये पेमेंट मी भरायचं आणि काकांनी तपासून मंजूर करायचं, अशी बँकेने दोन माणसांची व्यवस्था करून दिली होती. प्रत्यक्षात काकांचा पासवर्ड माझ्या ड्रॉवरमधल्या चिठ्ठीवर होता. ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जायचा. मी फोन करायचे, ते सहा आकडे वाचून दाखवायचे. कुणाला, किती, कशाचे, एकदाही विचारलं नाही. “तू आहेस ना, मग मी कशाला बघू?” म्हणायचे. मला ते ऐकून छान वाटायचं. पंचविशीतल्या पोरीवर एवढा विश्वास कोण टाकतं!

एके दिवशी छापखान्याकडून मेल आला. आमची बँक बदलली आहे, या वेळचं बिल नव्या खात्यात भरावं. रक्कम बरोबर, लेटरहेड तेच, शेवटी नेहमीचं ‘कळावे’. मेलच्या पत्त्यात एक अक्षर जास्त होतं, ते मी नंतर पाहिलं. १ लाख ८४ हजार रुपये. काकांनी आकडे वाचले, मी टाकले. आठवड्याने खऱ्या छापखान्यातून फोन आला, “ताई, बिलाचं कसं करताय?”

१९३० ला फोन, सायबर पोलीस, बँकेत अर्ज, सगळं झालं. पण आठवडा उलटला होता, त्या खात्यात फार काही उरलं नव्हतं. मी बँकेत भाबडेपणाने विचारलं, खातं तर छापखान्याच्या नावाचं नव्हतं, मग पैसे जमा कसे झाले? तेव्हा कळलं की एनईएफटीत पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, आपण लिहिलेलं नाव जुळतं का हे पाहिलं जात नाही. (पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्या, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं. आमचं प्रकरण त्याआधीचं.)

कार्यकारिणीत मला कुणी चोर म्हटलं नाही. पण ‘पेमेंट कोणी केलं?’ या प्रश्नाचं उत्तर एकच होतं. कागदावर दोघं, खोलीत मी एकटी. काकांनी माझ्यावर टाकला तो विश्वास होता, की स्वतःच्या कामातून घेतलेली रजा? न विचारणं दिसायला मोठेपणाचं दिसतं, आणि सगळं ओझं गुपचूप दुसऱ्याच्या डोक्यावर जातं. त्यांनी नुसतं “कुणाला गं?” विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, “छापखान्याला, फक्त खातं नवीन आहे.” हे स्वतःच्याच तोंडून ऐकून कदाचित थबकले असते. नसते थबकले, तरी चूक दोघांची झाली असती.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन-तीन दिवसांत ९४ कोटी रुपये गेले, त्यातले बरेचसे २८ देशांतल्या एटीएममधून. एटीएम नोटा देण्याआधी बँकेला विचारतं, या खात्यात पैसे आहेत का, देऊ का? चोरांनी मधेच एक खोटा दुवा बसवला होता. तोच ‘हो, दे’ म्हणत राहिला. प्रश्न बँकेच्या मूळ यंत्रणेपर्यंत पोचलाच नाही. हा तपशील मला आता फार ओळखीचा वाटतो. आमच्याकडे त्यासाठी मालवेअर लागलं नाही, काका आणि मी पुरेसे होतो.

बरं, विचारायला आपल्याला जमत नाही असंही नाही. शिपायाच्या चाळीस रुपयांच्या रिक्षाची पावती आपण न चुकता मागतो. अध्यक्षांचा मेसेज आला की मात्र ‘हो सर’. आपल्याकडे संशयही वरून खालीच वाहतो. ठगांना ही उतरंड पाठ असते, म्हणून तर ते साहेबांचा फोटो डीपीला लावून ‘मीटिंगमध्ये आहे, लगेच पाठव, फोन करू नकोस’ असं लिहितात. शिपायाचा फोटो लावून कुणी पैसे उकळल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तपासणी अपमानाची वाटते ती बहुधा यामुळेच. ती निवडक माणसांची होते.

सगळ्यांची झाली तरी टोचत नाही, असं मात्र म्हणणार नाही. आताच्या नोकरीत आमच्या ताई कुठलंही नवं खातं आलं की जुन्या बिलावरच्या नंबरवर स्वतः फोन लावतात, माझ्यासमोर. पहिल्यांदा माझे कान तापले होते. अजूनही थोडे तापतात.

गेल्या महिन्यात काकांचा फोन आला. त्यांच्या सोसायटीने त्यांनाच खजिनदार केलंय. सेक्रेटरी सह्यांसाठी कोरे चेक घेऊन आला आणि म्हणाला, “काका, माझ्यावर विश्वास नाही का?”

“मग काय म्हणालात?”

“काही सुचेना गं. बस म्हटलं, चहा टाकायला सांगितला, आणि बिलं मागितली.”