दोन जावा

भोंगवलीत एका घरात दोन जावा नांदत होत्या. दोघींनी वर्षानुवर्षं डोक्यावरून गवताचे भारे वाहिले होते. एका पावसाळ्यात दोघींच्याही माना धरल्या.

धाकटीचं दुखणं घरभर ऐकू जायचं. मानेतून निघालेली कळ खांद्यावरून थेट अंगठ्यात उतरायची. रात्री ती उठून बसायची, हात डोक्यावर धरला की जरा बरं वाटायचं. थोरलीची मान नुसती जड झाली होती. तिची भाकरी मात्र हल्ली थापताना कडेला फाटायची, चोळीचे हुक लावायला लेक लागायची आणि चालताना पायातली चप्पल कधी निसटली ते तिला कळायचंच नाही. "वय झालं," ती म्हणायची. घरही तेच धरून चाललं. कण्हत नाही त्याला कोण विचारतो?

मान चोळणारा एकजण म्हणाला, झटक्यात मोकळी करतो. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी ते करू दिलं नाही, पुण्याला ससूनमध्ये दाखवायला सांगितलं. धाकटीचं ऑपरेशन होणार म्हणून घरानं दुभती म्हैस विकली. थोरली आपली सोबतीला निघाली.

ससूनच्या डॉक्टरांनी धाकटीला तपासलं, हातांचा जोर बघितला. "मणक्यांमधली गादी सरकलीय, हाताकडे जाणारी नस दबलीय," ते म्हणाले. "दुखतं फार, पण बहुतेकांचं हे काही आठवड्यांत उतरतं. गोळ्या घ्या, व्यायाम शिकून घ्या, डोक्यावर ओझं नको. हातातला जोर कमी झाला तर मात्र लगेच या."

धाकटी हिरमुसली. एवढं दुखणं आणि नुसत्या गोळ्या!

तेवढ्यात डॉक्टरांची नजर थोरलीच्या पायांकडे गेली. एक चप्पल दाराशीच राहिली होती. त्यांनी तिला मूठ भराभर उघडझाप करायला सांगितली. दहा सेकंदांत वीसेक वेळा व्हायला हवी, तिची नऊ-दहावरच अडखळली. एमआरआयमध्ये मज्जारज्जूच चेपलेला दिसला.

"यांचं ऑपरेशन करावं लागेल."

"पण मला तर दुखतच नाय," थोरली म्हणाली.

"म्हणून तर उशीर झाला. ऑपरेशननं पुढची घसरण थांबवायची. गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणत नाही. धोका आहेच, पण न करण्यात जास्त आहे."

गावानं सांगितलं, मानेला हत्यार लावलं की माणूस अंथरुणाला खिळतं. थोरली दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी धाकटीनं म्हशीचे पैसे तिच्या ओटीत घातले.

दिवाळीपर्यंत धाकटीची कळ उतरली. थोरलीचं ऑपरेशन झालं, ती आता काठीशिवाय शेतावर जाते. बोटांची बधिरता थोडी राहिली, भाकरी मात्र पुन्हा गोल झाली.

मग गावात कुणाची मान धरली की माणसं या घरी येऊ लागली. धाकटी म्हणायची, कापाकापी करू नका. थोरली म्हणायची, वेळ घालवू नका. दोघी खरंच बोलत होत्या, पण आपापल्या मानेपुरतं. येणारा माणूस जी गोष्ट ऐकायला आला होता तीच घेऊन परत जायचा.

हे थोरलीच्या लक्षात आलं. आता कुणी आलं की ती सल्ला देत नाही. "किती दुखतंय ते राहू दे," ती म्हणते, "आधी सदऱ्याची बटणं लावून दाखव. मग पुण्याची गाडी धर."