पहिले पाऊल कोणी टाकायचे?

डोंगरावरील प्रवचनात येशूने एक प्रसंग सांगितला आहे. एक माणूस अर्पण घेऊन वेदीपाशी पोचतो आणि तिथे त्याला आठवते की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे. येशूचे सांगणे असे, की अर्पण तिथेच राहू द्यावे, आधी भावाकडे जाऊन समेट करावा आणि मग परत यावे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातली ही दोनच वचने. ऐकणारे लोक गालीलातले होते आणि वेदी होती यरुशलेमात, पायी तीन-चार दिवसांच्या वाटेवर. म्हणजे वेदीपर्यंत येऊन माघारी फिरायचे, भावाचे दार ठोठवायचे आणि पुन्हा तेवढीच वाट तुडवायची. एवढा काळ उपासना खोळंबली तरी चालेल, पण भाऊ खोळंबता कामा नये.

या वचनांतली एक गोष्ट वाचताना सहज निसटते. मन दुखावले आहे ते भावाचे. उठून जायचे आहे ते दुखावणाऱ्याने. येशूच्या शिकवणीचा रोजच्या जगण्याशी खरा संबंध मला इथे दिसतो. आपण मात्र हे ओझे अनेकदा दुसऱ्याच्याच खांद्यावर टाकतो. क्षमेवर आपण पुष्कळ बोलतो, पण ती शिकवतो कोणाला? सासरी मार खाणाऱ्या मुलीला. वडिलांच्या जमिनीत हिस्सा बुडालेल्या धाकट्या भावाला. बोलीप्रमाणे मजुरी न मिळालेल्या कामगाराला. त्यांना ‘भावाला किती वेळा क्षमा करावी?’ हा पेत्राचा प्रश्न आणि येशूचे सत्तर वेळा सातपट क्षमेचे उत्तर ऐकवले जाते. मारणारा, बुडवणारा, अडवणारा मात्र पुढच्या बाकावर बसून गीत गातो.

तेच उत्तर मत्तयाच्या ज्या अठराव्या अध्यायात आहे, त्यात थोडे आधी येशूने अन्यायाविषयी स्पष्ट पायऱ्या सांगितल्या आहेत. अपराध करणाऱ्याला आधी एकांतात त्याचा दोष दाखवावा. त्याने ऐकले नाही तर एकदोघांना सोबत न्यावे. तरीही ऐकले नाही तर मंडळीपुढे सांगावे. येशूची क्षमा दुबळ्याचे तोंड दाबत नाही. ती अन्यायाला नाव देते आणि माणूस परत यावा म्हणून दार उघडे ठेवते. त्या मुलीला सोसायला सांगण्यापूर्वी तिच्या सासरचा उंबरठा चढून जाब विचारणे हे मंडळीचे कर्तव्य आहे.

दुखावणाऱ्यानेच पाऊल टाकल्याचे उदाहरण म्हणजे यरीहोचा जक्कय, मुख्य जकातदार. कर गोळा करताना त्याने लोकांना नाडले होते. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे अपराध कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि तिच्या पाचव्या हिश्शाइतकी भर द्यायची असे. जक्कय अर्धी मालमत्ता गोरगरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परत द्यायला निघाला. त्याचा पश्चात्ताप हिशेबाच्या वहीत उतरला. तो हिशेब त्याने स्वतःहून मांडला. लुबाडलेल्या एकाही माणसाला त्याच्या दारी यावे लागले नाही.

आपल्या मराठी मातीत हेच लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्यात घडले. 1895 साली त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे राहायला आल्या, तरी त्यांचे सोवळे सुटले नव्हते. स्वयंपाक आणि पाणी वेगळे होते. पुढे त्यांच्या मनात विचार आला की जाती देवाने केल्या नाहीत, माणसाने केल्या. त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 सालचा. म्हणजे येशूची शिकवण त्यांच्या जगण्यात आधी पाण्याच्या भांड्यातून आली आणि धर्मविधी मागाहून झाला. जातीच्या उतरंडीत वरच्या पायरीवर असलेल्या या बाई स्वतः खाली उतरल्या. ज्यांना शतकानुशतके पाणवठ्यावरून हाकलले, त्यांनी सगळे विसरून पुढे यावे, अशी अपेक्षा त्यांनी केली नाही.

ते पाऊल आपली मंडळी अजून पूर्ण टाकू शकलेली नाही. प्रभुभोजनात आपण एकाच भाकरीचे वाटेकरी होतो आणि मुलीचे लग्न जमवताना दबक्या आवाजात पूर्वाश्रमीची जात विचारतो. यात ज्यांचा मान दुखावतो, त्यांना आपण क्षमाशीलतेचे धडे देतो. वास्तविक विचारणारे घर उठून त्यांच्या दारी गेले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की तारण कृपेने होते, माणसाच्या कर्मांनी नव्हे. मलाही ते मान्य आहे आणि म्हणूनच हा आग्रह आहे. जक्कयाने पैसे परत केले म्हणून येशू त्याच्या घरी गेला नाही. येशूने आधी त्याच्याकडे उतरायचे ठरवले, सगळे गाव कुरकुरत असताना. येशूपाशी कोणाचे देणे नव्हते, तरी पहिले पाऊल त्याने टाकले. ज्याच्यापाशी देणे आहे, त्याने ही कृपा अनुभवून जागेवरच बसून राहावे, हे मला पटत नाही.

प्रभुभोजनाआधी पाळक आपल्याला आत्मपरीक्षण करायला सांगतात. त्या वेळी आपण बहुधा विचारतो, ‘मला कोणाला क्षमा करायची आहे?’ त्या प्रश्नात आपण आपोआप वरच्या आसनावर बसतो. येशूचा प्रश्न वेगळा आहे: कोणाच्या मनात माझ्याविषयी काही आहे, आणि का? उत्तरात एखादे नाव येईल. कधी भावाचे, कधी घरकाम करणाऱ्या मावशींचे, कधी स्वतःच्याच बायकोचे. नाव आले की रक्कम असेल तर ती द्यावी, शब्द लागला असेल तर तोंडाने माफी मागावी, जमीन असेल तर सातबाऱ्यावर त्याचे नाव लावून द्यावे. समोरचा लगेच मन मोकळे करील असे नाही आणि तसे मागण्याचा आपल्याला हक्कही नाही. आपल्या हाती फक्त जाणे आहे, आणि ख्रिस्ती जीवन रोज तिथूनच सुरू होते.